फोंड्याची दोन पानं

आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचं पन्नासावं वर्ष जवळ आलं, तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं. जाहिराती कुणी आणायच्या, माजी अध्यक्षांचे फोटो कुठल्या क्रमाने लावायचे, देणगीदारांची यादी रकमेप्रमाणे की बाराखडीप्रमाणे, यात दोन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीत, लोक चपला शोधायला लागल्यावर, ‘गावाची ओळख’ हा विषय निघाला. दोन पानं. ती टीचर लिहील, असं कुणीतरी म्हणालं आणि बैठक संपली. टीचर म्हणजे मी. शाळेत मराठी शिकवते. माहेर डिचोलीकडचं, लग्न होऊन गोव्यातल्याच फोंड्यात आले त्याला सव्वीस वर्षं झाली.

दोन तासांचं काम वाटलं होतं. चार महिने लागले. त्या चार महिन्यांत काय काय झालं ते इथे लिहिते आहे, कारण गाव स्वतःबद्दल काय बोलतं आणि केव्हा बोलतं, हे मला त्या निमित्ताने पहिल्यांदा नीट दिसलं.

पहिला मसुदा

पहिला मसुदा मी कुणालाही न विचारता लिहिला, हे कबूल केलं पाहिजे. तो असा सुरू होत होता: ‘श्री मंगेश, श्री शांतादुर्गा, श्री म्हाळसा, श्री रामनाथ, श्री नागेश आणि श्री महालक्ष्मी यांच्या वास्तव्याने पावन झालेला अंत्रुज महाल म्हणजे गोमंतकाची देवभूमी.’ अंत्रुज महाल म्हणजे आमच्या फोंडा तालुक्याचं जुनं नाव. पुढे कुळागरं, सुपारी-नारळाच्या बागा, ‘या मातीतच कला आहे’ हे वाक्य, आणि शेवटी सर्वधर्मसमभाव. अशी पानं मी शाळेच्या हस्तलिखितांत मुलांकडून शंभर वेळा लिहून घेतली आहेत. हात आपोआप चालतो.

बैठकीत वाचून दाखवला. माना डोलल्या. अध्यक्ष म्हणाले, छान, छापायला द्या. तेवढ्यात खजिनदार बाई, ज्यांचं बाजारात औषधांचं दुकान आहे, हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “टीचर, हांतूंतलें एक तरी देऊळ फोंड्यांत आसा?”

कुणी काही बोललं नाही. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मंगेशी आणि म्हाळसेचं म्हार्दोळ प्रियोळच्या बाजूला. शांतादुर्गा कवळ्याला. नागेश, रामनाथ आणि महालक्ष्मी बांदोड्याला. या सगळ्या वेगळ्या पंचायती. फोंडा पालिकेच्या हद्दीत मी यादीत घातलेल्या सहांपैकी एकही देव राहत नाही. बाहेरचा माणूस ‘फोंड्याची देवळं’ म्हणतो तेव्हा तो तालुका म्हणत असतो. फोंड्याचा माणूसही पाहुण्यासमोर तेच म्हणतो. पण म्हार्दोळच्या फुलवालीला विचारा. आमच्या गल्लीत ती वर्षानुवर्षं जायांच्या माळा घेऊन येते. ती म्हणाली, “आमी म्हाड्डोळचीं, फोंड्याचीं न्हय.” आणि माझ्याकडे असं बघितलं, की इतकी वर्षं माळा घेतेस आणि एवढंही कळलं नाही?

मसुदा परत आला.

देव कुठले, गाव कुठलं

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण नंतरचे सगळे वाद त्याच्याभोवती फिरले.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये बारदेश व सासष्टी. पुढच्या काही दशकांत तिथली देवळं पाडली गेली. लोकांनी रातोरात मूर्ती उचलल्या, होडीत घातल्या आणि नदीपलीकडे आणल्या. पलीकडे म्हणजे अंत्रुज महालात, कारण तिथे तेव्हा आदिलशाही होती. मंगेश कुठ्ठाळहून १५६० मध्ये आला. शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, रामनाथ लोटलीहून, महालक्ष्मी कोलव्याहून. माशेलचा देवकीकृष्ण चोडण बेटावरून. मी यादीत गुंफलेल्या देवांपैकी मूळचा इथला म्हणावा असा एकटा नागेश. त्याच्या देवळात १४१३ सालचा शिलालेख आजही उभा आहे. फोंडा पोर्तुगीजांच्या हातात गेला तो १७६३ मध्ये, पहिल्या टोळधाडीनंतर दोन शतकांनी. तोवर त्यांचा बाटवण्याचा उत्साह ओसरला होता आणि देवळं वाचली. मधल्या काळात ती वाढलीही. कवळ्याचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात त्यांचे मंत्री नारोराम यांनी बांधवलं, आणि १७३९ मध्ये पेशव्यांकडून मंगेशी संस्थानाला गाव इनाम मिळालं.

म्हणजे ज्या देवांमुळे आम्ही स्वतःला देवभूमी म्हणवतो, ते जवळजवळ सगळे निर्वासित. गंमत अशी की त्यांचे महाजन, म्हणजे देवळाचा पिढीजात मान असलेली घराणी, अजूनही आपलं मूळ गाव विसरलेले नाहीत. आमच्या शेजारच्या घरात चार-पाचशे वर्षांनंतरही ‘आम्ही मूळचे केळशीचे’ असं सांगतात. केळशीला त्यांच्यातलं कुणी राहत नाही. बहुतेकांनी ती नीट पाहिलेलीही नाही.

विचारताना

दुसऱ्या मसुद्याआधी विचारायचं ठरवलं. वही घेतली, विसेक जणांची यादी केली आणि एकच प्रश्न पक्का केला: ‘फोंड्याची ओळख तुम्ही कशी करून द्याल?’ पान मराठीत छापायचं, मी मराठीची शिक्षिका, म्हणून प्रश्नही मराठीत.

पहिले भेटले आमचे निवृत्त मुख्याध्यापक. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना इथे सगळे सरच म्हणतात, त्यांची सूनसुद्धा. मी वही उघडल्याबरोबर त्यांनी पाठ ताठ केली आणि बोलायला लागले. ‘फोंडा हे सांस्कृतिक केंद्र. शिवछत्रपतींनी १६७५ मध्ये इथला किल्ला जिंकला. फर्मागुढीचं गोपाळ गणपतीचं देऊळ भाऊसाहेब बांदोडकरांनी १९६६ मध्ये उभारलं. मराठी रंगभूमीची परंपरा...’ पाच मिनिटं, एकही वाक्य न अडखळता. मी लिहून घेतलं. धन्यवाद म्हटलं. वही मिटली. मग चहा आला, आणि मी सहज म्हटलं, “सर, दोनूच पानां दिल्यांत म्हाका.”

सर हसायला लागले. “दोन पानां? आनी फूल खंय?”

ज्यांना हे कळलं नसेल त्यांच्यासाठी: १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फुलावर शिक्का मारायचा होता आणि संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित, राहायचं असेल तर दोन पानांवर. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. सर फुलाचे. चौतीस हजारांनी हरलेले. तरुणपणी सायकलवरून प्रचार केला होता म्हणाले, आणि कुणाकुणाशी किती वर्षं बोलणं बंद होतं तेही सांगितलं. सख्ख्या मामाशी तीन गणेशचवथी. मग आपणहून बोलत राहिले, कोकणीत. “फोंड्यांत पयलीं विचारतात, तूं कोणागेलो? पणजेंत विचारतात, तूं खंय कामाक आसा? इतलोच फरक.” थोड्या वेळाने, चहाचा कप ठेवताना: “हांगा मूळचो कोण ना. देवूय ना.”

मी वही परत उघडली. सरांनी लगेच पाठ ताठ केली.

माझ्या लक्षात यायला आणखी दोन-तीन घरं लागली. भाजी-पावच्या हॉटेलचे मालक मराठीत म्हणाले, ‘फोंडा शहर झपाट्याने विकसित होत आहे.’ कोकणीत म्हणाले की आजा कारवारकडून आला, तिसरी पिढी इथे, तरी जत्रेच्या वेळी देवळात गेलं की ‘आमी भायलेच’. पातळ भाजीचा रस्सा वाढताना हे सांगत होते, आवाजात तक्रार अजिबात नव्हती. माझ्या ओळखीच्या ट्रकमालकाने मराठीत कौमी सलोखा सांगितला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि याच्या दोन गाड्या उसगाव-तिस्कच्या बाजूला गंजत उभ्या राहिल्या. कोकणीत विचारल्यावर तो म्हणाला, “गाडी बंद पडली जाल्यार फोंडें.” म्हणजे सुटे भाग, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, उधारी देणारा दुकानदार, सगळं एका रस्त्यावर मिळणारी जागा. मला हे वर्णन आजवर ऐकलेल्यांत सगळ्यात खरं वाटलं आणि स्मरणिकेत कसं घालायचं ते कळेना.

मग मी मुद्दाम सगळ्यांना दोनदा विचारायला लागले. एकदा वही उघडून मराठीत, एकदा वही मिटून कोकणीत. उत्तरं जवळपास ठरल्यासारखी बदलत होती. मराठीतला फोंडा देवळांचा, किल्ल्याचा, नाटकांचा, परंपरेचा. कोकणीतलं फोंडें नात्यांचं, बाजाराचं, उधारीचं, आणि कोण कुठून आलं याचं.

लोक मराठीत खोटं बोलत होते असं मला म्हणायचं नाही. आमच्याकडे मराठी ही आरतीची भाषा, कीर्तनाची, दशावताराच्या सूत्रधाराची, लग्नपत्रिकेची, सकाळच्या पेपरची. गोवा मुक्तीनंतर खेड्यापाड्यांत ज्या प्राथमिक शाळा निघाल्या त्यांची. घरात भांडायची, लाड करायची भाषा कोकणी. माझ्याही सासरी तसंच आहे; सासूबाई रोज ज्ञानेश्वरी वाचायच्या आणि वाचून झाल्यावर मला कोकणीत ओरडायच्या. तेव्हा मराठीत प्रश्न आला की माणूस देवखोलीत शिरल्यासारखा बोलतो. प्रश्न विचारणारीच मराठीची मास्तरीण असेल तर जास्तच. यात दोष माझ्या वहीचा होता.

उरलेल्यांचं थोडक्यात. पाणी खात्यातून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले, फोंडा म्हणजे पणजीचा नळ. ओपाच्या प्रकल्पातून राजधानीला पाणी जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे जलवाहिनी फुटली आणि पणजी कित्येक दिवस कोरडी पडली. ‘तेव्हा त्यांना कळलं फोंडा कुठे आहे.’ एका सरकारी कारकुनाने सांगितलं की २०१५ च्या जानेवारीत तालुका उत्तर गोव्यातून काढून दक्षिण गोव्यात टाकला, ‘उत्तरेंत न्हिदलों आनी दक्षिणेंत उठलों’. लोकसभेला प्रियोळ मात्र अजून उत्तरेतच, त्यामुळे मंगेश एका खासदाराचा आणि शांतादुर्गा दुसऱ्याच्या. भाड्याने राहणारी एक काणकोणची मुलगी, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, म्हणाली, दर्या नसलेला गोवा. पुण्यात मैत्रिणींना पटत नाही म्हणे. तिच्याच कॉलेजच्या आवारात २०१६ पासून आयआयटी तात्पुरती बसलेली आहे. तात्पुरती या शब्दावर फोंड्यातला कुणीही हसेल. मंगेशही तात्पुरताच आला होता.

शहापूरच्या सफा मशिदीजवळ ज्यांचं गॅरेज आहे त्या गृहस्थांनी माझा पहिला मसुदा वाचायला मागितला. जांभ्या दगडाची ती मशीद, बाजूची कमानींची तळी, मी शेवटच्या परिच्छेदात सर्वधर्मसमभावाच्या नमुन्यासारखी टाकली होती. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “टीचर, मंगेश कुठल्या साली आला लिहिलंय?” मी म्हटलं, १५६०. “आणि मशीद कुठल्या सालची?” १५६०. “मग ती शेवटी कशी आली?” मला उत्तर नव्हतं. जाताना म्हणाले, त्या वर्षी गवंड्यांना चांगले दिवस असणार.

गाणं कुणाच्या घरातलं

एका भेटीवर जास्त लिहिणं भाग आहे.

आमच्या शाळेत पूर्वी संगीत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आता घरी शिकवण्या घेतात. त्यांची पणजी एका मोठ्या संस्थानच्या देवळात गायला असायची. मी त्यांना मसुदा आधी दिला होता, म्हणून मी पोहोचले तेव्हा तो त्यांच्या हार्मोनियमवर ठेवलेला होता, एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून. ‘या मातीतच कला आहे.’

“मातीत नाही,” त्या म्हणाल्या. “घरांत होती. काही घरांत. त्या घरांची नावं घ्यायची वेळ आली की सगळ्यांना माती आठवते.”

वस्तुस्थिती अशी आहे. फोंडा महालाच्या गाण्याचा ज्यांच्यामुळे बोलबाला झाला त्यांच्यातले कितीतरी देवळांच्या सेवेतल्या, म्हणजे देवदासी प्रथेतल्या, कुटुंबांतले. दीनानाथ मंगेशकरांचा जन्म १९०० साली मंगेशीचा. त्यांच्या आई येसूबाई देवळाच्या सेवेत होत्या. केसरबाई केरकर याच तालुक्यातल्या केरीच्या, १८९२ च्या. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली, त्यांच्यासोबत पृथ्वीवरच्या आवाजांची एक तबकडी गेली. तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी केसरबाई गेल्या. फोंड्यातल्या कुठल्याही सभेत हे वाक्य टाळ्या घेतं. मात्र ज्या समाजातून त्या आल्या त्यांना देवळाच्या मंडपात बसायची जागा कुठे होती, महाजनांच्या नोंदवहीत नाव होतं का, लग्नाचा प्रश्न आला की काय व्हायचं, हे कुणी विचारत नाही. त्या समाजाने विसाव्या शतकात स्वतःची संघटना उभी केली, गोमंतक मराठा समाज हे नाव घेतलं, मुलींना शिकवलं, सेवेची प्रथा मोडून काढली. ते काम कुणी देवाने केलं नाही आणि मातीनेही नाही.

बाई रागावलेल्या नव्हत्या. मधूनमधून आतून एका शिष्येचा सूर यायचा, त्या बोलता बोलता ‘कोमल’ एवढंच म्हणायच्या आणि पुढे चालू. शेवटी मला म्हणाल्या, “मला परिच्छेद नको. एक वाक्य घाल. ‘देवळांच्या सेवेत असलेल्या स्त्रियांनी हे गाणं सांभाळलं.’ बस्स.”

मी विचारलं, कोकणीत विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हें कोंकणींत सांगचें पडना. कोंकणींत सगळ्यांक खबर आसा.”

माझा दोन भाषांचा सिद्धान्त, ज्यावर मी मनातून खूष होते, तिथे उलटा झाला. इतरांना मराठीत मिरवायचं होतं. या बाईंना मराठीत नोंद हवी होती. बोलण्यात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट छापलेल्या पानावर, आरतीच्या भाषेत, एकदा यावी एवढंच त्यांचं मागणं.

दुसरी बैठक

दुसरा मसुदा मी वेगळ्या तऱ्हेने लिहिला. मथळा: ‘आमगेलें फोंडें’. पहिलं वाक्य: ‘इथे जो आला तो राहिला.’ मग देव कुठून आले ते गावांच्या नावानिशी, त्याच परिच्छेदात त्याच वर्षीची मशीद, मग कारवारहून आलेलं हॉटेल, मग वसतिगृहातली मुलं. ट्रकमालकाचं वाक्य कोकणीतच, अवतरणात. गाण्यावर बाईंचं एक वाक्य, आहे तसं. नागेशाबद्दल शेवटी एक ओळ, की सगळ्या पाहुण्यांच्या आधीपासून घरात बसलेला हा एकच.

बैठक पावणेतीन तास चालली. मुख्याध्यापक सरांना सल्लागार म्हणून बोलावलं होतं. मजकुरावर ते फारसं बोलले नाहीत. मथळ्यावर बोलले.

“मराठी स्मरणिकेला कोकणी मथळा कशासाठी?”

हा प्रश्न बाहेरच्यांना किरकोळ वाटेल. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला. राजभाषा कोकणी, आणि सरकारी कामासाठी मराठीचाही वापर करता येईल अशी तरतूद. त्याआधीची दोन-तीन वर्षं गोव्यात रस्ते अडवले गेले, माणसं मेली. सर तेव्हा मराठीच्या बाजूने मोर्चात होते. शाळेत कोकणीवादी सहकाऱ्यासोबत एकाच टेबलावर डबा खायचे आणि संध्याकाळी समोरासमोरच्या सभांना जायचे. त्यांना हा मथळा घसरणीची पहिली पायरी वाटत होता. एका तरुण सभासदाने लगेच वात लावली: “मग आख्खंच कोकणीत लिहूया की. लिपी तीच.” दोघे-तिघे उठून उभे राहिले. सहसचिव, जो दोन्ही भाषांत फक्त निरोप पाठवतो, तोही रोमी अक्षरांत, म्हणाला की इंग्रजीत छापलं तर भांडणच नाही. त्याला सगळ्यांनी मिळून खाली बसवलं.

मी सरांना त्यांचंच वाक्य वाचून दाखवलं, वहीच्या मागच्या पानावर उतरवलेलं: ‘हांगा मूळचो कोण ना. देवूय ना.’ म्हटलं, सर, याचं मराठी करून द्या. मी मथळा त्याच भाषेत घालते.

सरांनी कागद घेतला. ‘येथे मूळ निवासी...’ लिहिलं, खोडलं. ‘इथला मूळचा असा...’ लिहिलं. भाषांतर काही वाईट नव्हतं. पण सर स्वतःच त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “भाषणासारखं होतंय.” मथळा राहिला. ‘निषेध नोंदवून’ राहिला, हे त्यांनी इतिवृत्तात लिहायला लावलं, आणि ते वाक्य मात्र छापायचं नाही ही अट घातली. घरच्या बोलण्यात निघालेलं होतं म्हणाले.

गाण्याच्या वाक्यावर मात्र मी हरले. उघड विरोध कुणीच केला नाही. ‘उत्सवाच्या पुस्तकात हे कशाला’, ‘कुणाला वाईट वाटेल’, ‘त्याच समाजातल्या लोकांना आवडणार नाही’ असं चारी बाजूंनी आलं. त्याच समाजातल्या बाईंनीच सांगितलंय म्हटल्यावर ‘त्या एकट्या झाल्या’ असं उत्तर मिळालं. शेवटी ‘स्त्रियांनी’ जाऊन ‘कुटुंबांनी’ आलं. खजिनदार बाईंनी विरोधी मत दिलं. मी दिलं नाही. चार महिन्यांत एवढी एक गोष्ट मला अजून खटकते. रात्रीचे साडेदहा झाले होते, घरी जायचं होतं, आणि निदान वाक्य तरी राहतंय असं मी स्वतःला समजावलं.

संगीताच्या बाईंना मी ते फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “कुटुंबांनी. बरं.” आणि शिकवणीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

छपाई

पुढचं सगळं भराभर झालं. ट्रकमालकाला आपलं वाक्य छापतायत कळल्यावर त्याने पाव पानाची जाहिरात दिली. हॉटेलमालकांनी ‘कारवारहून’ काढायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी परत घालायला सांगितलं. अध्यक्षांना देवभूमी हा शब्द कुठेतरी हवाच होता. तो त्यांच्या स्वतःच्या मनोगतात तीनदा गेला.

चवथीच्या आठ दिवस आधी छापखान्यातून फोन आला. अक्षरजुळणी करणारा मुलगा कोल्हापूरकडचा, कामात चोख. “टीचर, तुमच्या मथळ्यात टिंबं जास्त पडली होती. मी काढलीत.” मी म्हटलं, काढू नका. तो म्हणाला, “छापून झालं.”

‘आमगेले फोंडे.’ शेवटची दोन्ही टिंबं गेलेली, ‘फों’वरचं तेवढं वाचलं होतं. वर्गात मी मुलांचे अनुस्वारांचे गुण कापते. पण पाचशे प्रतींवर मी तरी काय करणार?

प्रकाशनाच्या दिवशी संध्याकाळी मंडपात गेले. गठ्ठे समईच्या बाजूला रचलेले होते. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीला, बांधलेल्या फळांचा वास भरून राहिला होता. गठ्ठ्यांपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर सर बसले होते, मांडीवर लाकडी पाट, हातात काळं बॉलपेन. एकेक प्रत उघडत होते, पान शोधत होते आणि मथळ्यावर दोन टिंबं देऊन ती डाव्या हाताला ठेवत होते.

मी म्हटलं, सर, तुमचा तर निषेध होता.

“निषेध मथळ्याला,” सर म्हणाले. “शुद्धलेखनाला नाही. तो गठ्ठा इकडे सरकव.”

मी खाली बसले आणि पानं उघडून द्यायला लागले. साठेक प्रती झाल्या असतील. मग घुमटं, ती मातीची वाद्यं, वाजायला लागली, आरतीला सगळे उठले, आणि सहसचिवाने उरलेल्या प्रती तशाच वाटून टाकल्या.